न्हाल्यापासून चौदावा

आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर सरकारने कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता. शेजारी हसणारा बाप, हसणारी आई आणि त्यांची दोन गुटगुटीत पोरं. गावात सहा-सात पोरांची घरं काही कमी नव्हती, पण रंगाऱ्याला सपाट आणि नवा गिलावा केलेली भिंत आमचीच सापडली. ज्या घरात पाळणा हलत नव्हता त्या घराच्या कपाळावर आता आवरतं घ्या असा सल्ला. सासूबाईंनी त्या भिंतीला दोनदा शेण फासून बघितलं आणि दोन्ही वेळा ग्रामसेवकाने ते त्यांच्याकडूनच धुऊन घेतलं.

मी त्या घरात आले ती वाईहून, मॅट्रिकचा दाखला घेऊन आणि दुसरेपणाची म्हणून. पहिलीला पाच वर्षांत मूल झालं नव्हतं. मालक पलटणीत, एकुलते एक, आणि पलटणीत दोन बायका चालत नाहीत, म्हणून पंचांसमोर काडीमोड करून तिला कुंडलला भावाकडे पोचवली आणि मला आणली. मला आणून चार वर्षं झाली तेव्हा एका दुपारी शेंगा फोडता फोडता सासूबाई म्हणाल्या, "पोरी, तुज्यावर माजा राग न्हाई. पर ह्या उनाळ्याच्या सुट्टीत काय झालं न्हाई, तर दसऱ्याला तुला वाईला पोचवायची. माणातली एक पोरगी बगून ठेवलीया." मग टरफल फुंकून त्यांनी पुढची शेंग घेतली.

राग नव्हता हे खरंच होतं. शिळी भाकरी म्हशीपुढे टाकताना भाकरीवर कोण रागावतं? पण मला वाईला परत जायची भीती वाटत होती, हे सरळ सांगते. वडील शाळामास्तर, माझ्यामागच्या दोघी लग्नाच्या. सणाला आलेल्या मुलीचं घाटावर कौतुक होतं, परत पाठवलेल्या मुलीला बघून बायका धुण्याच्या पिळ्याकडे बघायला लागतात. शिवाय मला माझा नवरा आवडत होता. बायकोने असं बोलायची तेव्हा रीत नव्हती, पण वर्षातून दोन महिने भेटणारा माणूस आवडायला सोपा असतो.

आता त्या घरची पद्धत सांगते. माझी पाळी ही माझी गोष्ट नव्हती, ती गल्लीची होती. कावळा शिवला की सोप्याच्या कोपऱ्यात घोंगडं टाकून बसायचं. आमचा सोपा रस्त्यावरच, त्यामुळे दळणाला जाणाऱ्या, पाण्याला जाणाऱ्या, कामाशिवाय जाणाऱ्या सगळ्यांना मी दिसायची. प्रत्येकीला कळायचं की याही महिन्यात काही नाही. हळहळत जायच्या. काहीजणी हळहळायला परत यायच्या. चार दिवस चूल नाही, पाण्याचा हंडा नाही, देवघराकडे बघायचंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी सकाळी डोक्यावरून न्हायलं की मी पुन्हा माणसात.

आणि त्या न्हाण्यापासून सासूबाईंची मोजणी सुरू व्हायची. देवघराच्या फळीवर एक पितळी वाटी होती. तीत त्या रोज सकाळी एक चिंचोका टाकायच्या. चौदा चिंचोके झाले की तो दिवस. चौदाचा आकडा त्यांना मिळाला होता तो कुटुंब नियोजनाच्या नर्सबाईंकडून. नर्सबाई महिन्यातून एकदा एसटीने यायच्या, मारुतीच्या पारावर बायका जमवायच्या आणि सांगायच्या की मूल नको असेल तर पाळीच्या चौदाव्या दिवसाच्या मागेपुढे नवऱ्याला लांब ठेवा. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. ज्यांना नको त्यांनी चौदाव्याला लांब राहायचं, तर ज्यांना हवं त्यांनी चौदाव्याला जवळ यायचं, एवढं त्यांनी पारावर बसल्या बसल्या ताडलं. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या मानाने हे डोकं फार चांगलं होतं. माझ्याकडे मॅट्रिकचा दाखला होता आणि माझ्या डोक्यात तेवढंही आलं नव्हतं.

यात त्यांच्या भावाने भर घातली. तो जुना पैलवान. कुस्तीच्या आधी महिनाभर पैलवानाने जोर राखून ठेवायचा असतो, उगाच खर्चायचा नसतो, हे त्याने बहिणीला पटवून दिलं होतं. झालं, मालक सुट्टीवर आले की महिन्यातले तीन दिवस सोडून बाकीचे दिवस त्यांची रवानगी मळ्यातल्या खोपटात. उसाला पाणी पाजा, जोरबैठका मारा, पण बायकोच्या वाऱ्याला उभे राहू नका. चौदावा चिंचोका पडला की त्यांना घरी बोलावणं यायचं. त्या दिवशी सकाळपासून खारका दुधात भिजत पडायच्या, बदाम उगाळले जायचे, आणि धान्याची आतली खोली झाडून घेतली जायची. सीमेवर संगीन घेऊन उभा राहणारा माणूस आईसमोर दुधाचा पेला घेऊन मान खाली घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आये, जरा साखर घाल की."

गल्लीला खारकांचा वास बरोबर यायचा. समोरच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "काय गं, भिजल्या का?" मी ओल्या हाताने डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि आत जायची. माझी लाज जाऊन चार वर्षं झाली होती, पण ती गेली हे दाखवायचीही सोय नव्हती.

वाईला पोचवायचं ऐकलं त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मी धीर करून म्हटलं, आत्याबाई, सांगलीत एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना एकदा दाखवू. सासूबाईंनी विचार केला. माणातल्या पोरीच्या बापाला, आम्ही डॉक्टरसुद्धा केला होता, असं सांगता आलं असतं. म्हणून हो म्हणाल्या. माघातली गोष्ट.

सांगलीच्या त्या दवाखान्यात लाकडी बाकावर बायका बसलेल्या होत्या. एका टोकाला आठव्या महिन्याचं पोट घेऊन एक बाई पाय पसरून शेंगदाणे खात होती. सासूबाई दारातच थबकल्या. ती पहिली होती, कुंडलची. मी तिला त्याआधी कधी बघितलं नव्हतं, पण सासूबाईंच्या तोंडाकडे बघून कळलं.

ती सरकली आणि म्हणाली, "आवं, बसा की. हुब्या कशाला?"

सासूबाई बसल्या. मग विचारलं, "कितवा?"

"आठवा सरत आला. दोन वर्सामागं पाट लावला भावानं. एक पोरगं हाय घरी, ह्ये दुसरं."

सासूबाई पाणी प्यायच्या निमित्ताने उठल्या आणि बाहेर गेल्या. तेवढ्यात ती माझ्याकडे झुकली. डोळ्यांत राग नव्हता, गंमत होती. "चिंचोकं मोजत्यात का अजून?" मी मान डोलावली. ती पोट धरून हसली. "आमच्याकडं कोण मोजतंय? त्या घरात मोजायला सासूच न्हाई."

मला हसू आलं नाही. तिचं पोट बघून मला एकच दिसत होतं, की दोष तिच्यात नव्हता. मग कदाचित माझ्यातही नसेल. मग कोणात? हा प्रश्न सासूबाईंनाही नळाजवळ पडला असणार, कारण परत आल्या त्या उत्तर घेऊनच. परतीच्या एसटीत मला म्हणाल्या, "आमच्या घरातनं गेली तवा तिची पीडा हितंच ऱ्हायली. ती आता तुला लागलीया." पोराकडे बोट जाऊ नये म्हणून आई केवढा लांबचा रस्ता धरते ते मी त्या दिवशी पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि सांगितलं की वरवर सगळं ठीक आहे. नवऱ्याची तपासणी करू या म्हणाल्या. मी म्हटलं, ते पलटणीत आहेत आणि असते तरी आले नसते. मग त्यांनी एक थर्मामीटर आणि चौकटींचा कागद दिला. रोज पहाटे उठायच्या आधी, एक शब्द न बोलता, जिभेखाली पाच मिनिटं धरायचं आणि आकडा मांडायचा. ज्या दिवशी बीज सुटतं त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा जरा चढतो. दोन महिन्यांनी कागद घेऊन या.

आमच्या घरात सून सगळ्यात आधी उठायची. त्यामुळे पहिल्याच दिवशी सासूबाईंनी हाक मारली आणि मी ओठ मिटून पडून राहिले. दुसरी हाक, तिसरी हाक. पाच मिनिटं सरेपर्यंत शेजारच्या दोघीतिघी दारात जमल्या होत्या आणि सुनेची वाचा गेली असं ठरत आलं होतं. मी तोंडातून काडी काढली तेव्हा एकीने कपाळाला हात लावून बघितला. "ताप न्हाई की," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडी निराशा होती. तरी दुपारी गुळवेलीचा काढा आलाच. पुढचे पंधरा दिवस मला न आलेल्या तापावर सहा घरांतून काढे आले. ते मी सगळे प्यायले, कारण नाही म्हटलं तर काय आहे ते सांगावं लागलं असतं.

चैत्राच्या शेवटी मी कागद घेऊन पुन्हा सांगलीला गेले. सासूबाई बाहेर बाकावर. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून ठिपके बघितले आणि खूश झाल्या. "अगदी पुस्तकासारखं आहे. अठ्ठावीस दिवस, पंधराव्याला चढ. म्हणजे चौदाव्याला बीज सुटतंय. नवरा घरी असतो तेव्हा कोणते दिवस?"

"चौदावा, पंधरावा, सोळावा," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे." त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"न्हाल्यापासून," मी म्हटलं.

घडी अर्धवट राहिली. "कशापासून?"

"न्हाल्यापासून चौदावा. पाचव्या दिवशी न्हातो ना आपण."

"आणि आधीचे चार दिवस?"

"ते धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"कोणीच नाही," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला कळलं. बीजगणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मुलगी मी. रोज पहाटे कागदावर पहिल्या दिवसापासून ठिपके मांडत होते, आणि तरी चिंचोके वेगळे आणि ठिपके वेगळे असं माझ्या डोक्यात राहिलं होतं. ते चार दिवस मी माणसात नसायची, तर मोजणीत कशी असणार?

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग चिडल्या. "बाई, एसटी सुटून चार दिवस झाल्यावर तुम्ही खारका खाऊन स्टँडवर जाताय. दर महिन्याला. पहिला थेंब दिसला तो पहिला दिवस. तिथून मोजा. आणि बारावा, तेरावाही सोडू नका."

एसटीत मी सासूबाईंना सांगून बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणतात की बसल्याच्या दिवसापासून मोजायचं. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरात चपला घालून गेले होते. "इटाळाचं दिस मोजायचं? मोजणी काय शेणात सुरू करत्यात व्हय? देवाचं नाव घेऊन सुरू करत्यात." मी म्हटलं, पण त्या शिकलेल्या आहेत. "आसंल शिकल्याली. तिला किती पोरं?" डॉक्टरीणबाईंचं लग्न झालेलं नव्हतं.

वैशाखात मालक आले आणि मळ्यात रवाना झाले. माझ्याकडे दोनच पाळ्या होत्या, मग पलटण, मग दसरा, मग वाई. सासूबाईंची मोजणी बदलत नव्हती. पण मोजणी सुरू कधी होते ते माझ्या बसण्यावर होतं, हे माझ्या उशिरा का होईना लक्षात आलं.

खरी तारीख यायला चार दिवस होते तेव्हा मी सोप्यात जाऊन घोंगडं टाकलं आणि बसले.

"चार दिस आदीच?" सासूबाई म्हणाल्या.

"उन्हाळा आहे," मी म्हटलं.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कोरडी ठणठणीत बाई विटाळाची म्हणून बसलेली. स्वच्छ फडकी ओढ्यावर नेऊन घासून घासून धुवायची. समोरच्या काकू बाजूच्या दगडावर धुणं आपटत होत्या. म्हणाल्या, "लय डाग धरलाय व्हय?" मी म्हटलं, "लय." गल्ली नेहमीसारखी हळहळत गेली. त्यांची हळहळ फुकट जातेय याचं मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

पाचव्या दिवशी सकाळी मी न्हायले. सासूबाईंनी पहिला चिंचोका वाटीत टाकला. दोन तासांनी मला खरोखरची पाळी आली. माझी पाळी घड्याळाची होती, तेवढी एक गोष्ट माझ्या बाजूने होती.

आणि नेमकं त्या दिवशी सासूबाईंच्या मनात आलं की देवाला पुरणाचा नैवेद्य करू. पोरगा सुट्टीवर आहे, सून न्हाऊन आली आहे, दिवस चांगला आहे. मी पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या. देवघरात जाऊन हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. तीन काड्या विझल्या, चौथीने लागला. मी काही धीट बाई नव्हते. मला खरंच वाटत होतं की काहीतरी होईल. देवघराचं छप्पर कोसळेल, निदान पुरण तरी नासेल. पुरण उत्तम झालं होतं. मळ्यातून जेवायला आलेल्या मालकांनी पाच पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तर त्याहून मोठं. सासूबाईंनी आम्हा दोघांना घेऊन म्हसवडला जायचं ठरवलं, सिद्धनाथाला नवस बोलायला. नाही म्हणायची सोय नव्हती, मी तर शुद्ध होते. एसटीत पोटात कळा येत होत्या आणि मी हसतमुख बसले होते. गाभाऱ्यापुढे मी पायरीवर डोकं टेकवलं आणि मनात म्हटलं, देवा, बाकी सगळ्यांना फसवलं, तुला कसं फसवणार? राग आला असेल तर माझ्यावर काढ. पुजाऱ्याने कपाळाला गुलाल लावला आणि नारळाची शकलं हातावर ठेवली. देवाने काही मनावर घेतलं नाही. त्याला चार दिवसांचं काहीच वाटत नसावं, असं मला त्या पायरीवर पहिल्यांदा वाटलं आणि घरी येईपर्यंत ते मनातून गेलं नाही.

वाटीत चौदा चिंचोके झाले. खारका भिजल्या, खोली झाडली गेली, मालक मळ्यातून आले आणि साखर मागून दूध प्यायले. पुढचं सांगण्यासारखं काही नाही. त्यांना मात्र मी खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मंजे दर बारीला हितं चार दिस आदी रिपोर्ट करायला पायजे हुता." तेवढ्यात हसून घेतलं आम्ही.

त्यानंतरचा तमाशा असा की सासूबाईंच्या मोजणीने मी पुन्हा सोप्यात बसायची तारीख खऱ्या तारखेच्या चार दिवस आधीची. मी बसले नाही. त्या चार दिवसांत त्यांना वाटायला लागलं की चुकली, आणि त्या गुणगुणत झाडलोट करायला लागल्या. मला तर अजून काहीच कळायचं नव्हतं. त्या खूश आणि मी आतून अर्धमेली. खरी तारीख आली आणि गेली. मग आठ दिवस गेले. मग सकाळी भाकरीचा वास आला आणि मी परड्यात पळाले. सासूबाई मागून आल्या, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झालं बग." माणातल्या पोरीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

फाल्गुनात मुलगी झाली. श्रेय वाटलं गेलं ते असं: सिद्धनाथ, खारका, पैलवान भाऊ, आणि चिंचोके. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंना पेढासुद्धा गेला नाही. सासूबाईंचं नाव मात्र पंचक्रोशीत झालं. दोन सुनांवर प्रयोग करून एकीला गुण आला, म्हणजे औषध खरं, असं बायका मानायच्या. एका दुपारी समोरच्या काकू आपल्या सुनेला घेऊन आल्या. लग्नाला तीन वर्षं झालेली, अंगाने बारीक, डोळे खाली. सासूबाईंनी तिच्या ओंजळीत चिंचोके मोजून घातले आणि सांगितलं, "न्हाल्यापास्नं चौदावा. आदीचं चार धरू नगंस. आमच्या हिला बग, कसा गुण आला."

त्या पोरीने माझ्याकडे बघितलं. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते, अगदी भिंतीवरच्या त्या चित्रातल्या बाईसारखी. मी गप्प बसले असते तर माझं काही बिघडणार नव्हतं. माझी जागा आता पक्की होती. त्याचाच मला राग आला.

त्या दोघी गेल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. कोरड्या फडक्यांपासून पुरणापर्यंत, गाभाऱ्याच्या पायरीपर्यंत. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या, गोठ्यातून गोमूत्र आणलं, देवघर धुतलं, एकेक देव ताम्हनात घालून घासला, समई घासली, पुरणाचं पातेलं शोधून काढून घासलं. सगळं वर्षभर जुनं पाप. मग उरलेलं गोमूत्र घेऊन माझ्यापुढे आल्या. मांडीवरच्या पोरीकडे बघत उभ्या राहिल्या. पोरगी त्यांना बघून बोळक्या तोंडाने हसली. त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"आन् ती?" त्या म्हणाल्या. "कुंडलची? तिचं बी आसंच व्हय?"

"हो," मी म्हटलं.

त्या तिथेच खाली बसल्या. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागल्या. मध्येच थांबल्या, पुन्हा सुरुवात केली. "पाच वर्सं," म्हणाल्या. "दर म्हयन्याला मी तिला सोप्यात बसल्याली बगून शिव्या दिल्या." मला त्यांची दया आली. यायला नको होती, पण आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः समोर गेल्या आणि काकूंच्या सुनेला म्हणाल्या, "बसलीस त्या दिसापास्नं मोज गं. सपनात सिद्धनाथानं सांगितलं मला." मी दारातून ऐकत होते. देवाच्या नावावर एवढं सफाईदार खोटं मला जमलं नसतं.

आठवड्याने त्यांनी खण, नारळ आणि दोन लहान झबली पिशवीत घातली आणि एकट्याच कुंडलच्या एसटीत बसल्या. मला म्हणाल्या, "जाऊन येते. तिला सांगायला पायजे." दिवेलागणीच्या आधी परत आल्या. मी त्याच दुपारी सवयीने सोप्याच्या कोपऱ्यात घोंगडं टाकून बसले होते. त्या पायऱ्या चढून आल्या आणि माझ्याच घोंगड्यावर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसल्या. रस्त्यावरून दोघी बायका चालल्या होत्या, त्या चालताना वळून बघत राहिल्या.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"तिनं आदी जेवायला वाडलं," त्या म्हणाल्या. "पिटलं केल्यालं. आग्रेव करून करून वाडलं. मग माज्या तोंडातनं निगंना."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मग पदर खोचत त्या उठल्या. "ऊठ. चुलीकडं कोण बगणार हाय? भाकऱ्या थाप."

"आत्याबाई, आजचा पहिला दिवस आहे."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पयला. मोजलाय मी."

मी उठले, घोंगडं झटकून वळणीवर टाकलं आणि आत जाऊन परातीत पीठ घेतलं.